नव्वद दिवसांची लाठी

११ फेब्रुवारी, सकाळी ६.४०
ठरलं. भावोजींना मारायचं.

नुसतं मारायचं नाही, शास्त्रशुद्ध मारायचं. काल आईकडे ताई आली होती. पुढचा दात अर्धा नाही. बाथरूममध्ये पाय घसरला म्हणाली. गेल्या वर्षी जिन्यात घसरला होता. त्याच्या आधी कपाटाचं दार लागलं होतं. लग्नाला सोळा वर्षं झाली, ताई घसरतेच आहे. आई माझ्याकडे बघत होती. मी टीव्हीकडे बघत होतो. टीव्ही बंद होता.

आजच जाऊन ठोकता आलं असतं. पण भावोजींचं वजन ब्याण्णव किलो. माझं एकसष्ट, बूट धरून. शिवाय रागाच्या भरात केलेलं काम वाकडं होतं, हे मी फ्रेमच्या दुकानात अठरा वर्षं बघतोय. आधी माप घ्यायचं, मग पट्टी कापायची.

शाळेच्या हॉलमध्ये संध्याकाळी पारंपरिक लाठीचा क्लास चालतो. बाहेर बोर्ड आहे: नव्वद दिवसांत लाठी. आजपासून मोजलं तर नव्वदावा दिवस ११ मे. त्या दिवशी निकाल.

संकल्प: पहाटे पाचला उठणे. पन्नास जोर. चहा बिनसाखरेचा. कोणाला सांगायचं नाही.

एक अडचण आहे. भावोजी वयाने मोठे. मारताना अहो-जाहो करायचं की अरे-तुरे? 'अहो, हे घ्या' म्हणत लाठी हाणली तर इफेक्ट कमी होईल. विचार करावा लागेल.

१३ फेब्रुवारी
क्लासचा पहिला दिवस. वस्ताद अडुसष्ट वर्षांचे, माझ्या खांद्यापर्यंत येतील एवढे, उजव्या कानाची पाळी नाही. मला वाटलं होतं कुणी दांडगा माणूस असेल. क्लासमध्ये चौदा जण. त्यात सात बायका, एक कुरियरवाला लंबू आणि एक रिटायर झालेल्या नर्स. त्यांना सगळे सिस्टर म्हणतात.

पहिल्या दिवशी फक्त लाठी फिरवणे. एक तासात मी स्वतःला मारलेले टोले: नडगीवर चार, कोपरावर दोन, कानशिलावर एक. शेवटचा कपाळावर. थोडा वेळ हॉल फिरत होता, मी स्थिर होतो.

वस्ताद म्हणाले, शत्रूसाठी काहीतरी शिल्लक ठेवा.

सगळे हसले. हसू देत. ब्याण्णव किलोचा माणूस ज्या दिवशी आडवा होईल त्या दिवशी बघू.

१४ फेब्रुवारी
हात वर जात नाही. बायकोने शर्टात घातला. विचारलं काय झालं. दुकानात शिडीवरून घसरलो म्हणालो.

पहाटेचे जोर सोमवारपासून.

२१ फेब्रुवारी, दुपारी
आमच्याकडे फ्रेमची पट्टी आठ फुटी येते. सागाची असली की हाताला अगदी लाठीसारखी लागते. मालक जेवायला गेले होते. मी दुकानाच्या मधोमध उभा राहून डोक्यावरून फिरवणीची प्रॅक्टिस केली. पहिले तीन फेरे उत्तम. चौथ्या फेऱ्यात पट्टीचं टोक चार बाय तीनच्या काचेला लागलं.

काच फुटते तेव्हा माणसाने हात मागे घ्यावा. मी काच पकडायला पुढे केला. रक्त सरळ कॅल्क्युलेटरवर. एका डेंटिस्टच्या आईवडिलांचा लग्नाचा फोटो खाली होता, त्यात आता वडील ओळखू येत नाहीत.

सात टाके. मालकांना म्हणालो, काचच कच्ची होती. मालक कमी बोलतात. माझ्याकडे, मग पट्टीकडे, मग छताला पडलेल्या ओरखड्याकडे बघितलं आणि झाडू आणून दिला.

वेदना सहन करण्याची क्षमता वाढतेय. ही चांगली गोष्ट.

३ मार्च
ताईचा फोन. आवाज बसलेला. उजवा हात जरा आखडलाय, वहिनीला दोन दिवस पाठवतोस का, म्हणाली. मी म्हणालो, बघतो, पण सध्या मी एका मोठ्या कामात आहे. तुझ्यासाठीच आहे. वेळ आली की कळेल.  ती म्हणाली, बरं.

गुप्तता पाळली. दुसरा कोणी असता तर बोलून गेला असता.

बायकोला सांगायचं राहिलं. तिनेच आईकडून ऐकलं आणि गेली. परत आल्यावर म्हणाली, हात आखडलेला नाही, मनगटावर बोटं उठली आहेत, पाचही मोजता येतात. मी म्हणालो, हं. मनात म्हणालो, अडुसष्ट-एकोणसत्तर दिवस.

१० मार्च
आजपासून जोडीची लढत. डाव्या हातात फरी, म्हणजे ताटलीएवढी ढाल. उजव्या हातात गदका, म्हणजे चामडं चढवलेली काठी. चामडं असल्यामुळे लागत नाही असं सांगतात. सांगणाऱ्यांना मारून बघितलं पाहिजे.

माझी जोडी सिस्टरबरोबर लागली. त्यांचं वय बासष्ट. मी मुद्दाम हात राखून खेळलो. त्यांनी अकरा टोले मारले, मी एक. तोही त्यांच्या फरीवर बसला.

मध्ये पाणी प्यायला बसलो. माझ्या नाकातून रक्त येत होतं, ते त्यांनीच पुसलं. हात चांगला आहे. त्यांनी विचारलं, या वयात कशासाठी शिकताय? रक्त गेल्यामुळे असेल, मी सांगून टाकलं. ताई, दात, मनगट, सगळं. त्यांनी विचारलं, कधीपासून? मी म्हणालो, तशी सोळा वर्षं. पण मी आता हातात घेतलंय. ११ मेला संपवतो.

 दुसऱ्या फेरीत मात्र त्यांचा गदका कुठेही चालायला लागला. बरगडी, मांडी, पुन्हा तीच मांडी. वस्तादांना मध्ये पडावं लागलं. सिस्टरना कंट्रोल नाही. वयाचा परिणाम.

११ मार्च
संडासला बसता-उठताना त्रास. बाकी ठीक. जोर पुढच्या सोमवारपासून.

२४ मार्च, संध्याकाळी ८
सिस्टरनी वस्तादांना सांगितलेलं दिसतंय. क्लास सुटल्यावर वस्तादांनी थांबवून घेतलं. विचारलं, बहिणीचं घर किती लांब? मी म्हणालो, पायी चौदा मिनिटं. ते म्हणाले, मग तू इथे काय करतोयस?

मी म्हणालो, पायांचं काम अजून कच्चं आहे.

वस्ताद माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, तिला तिथून बाहेर काढायला लाठी कशाला पाहिजे? रिक्षा पाहिजे.

मोठ्या माणसांना प्लॅनिंग कळत नाही. नुसतं बाहेर काढून काय होणार? वचक बसला पाहिजे. मी तसं सांगणार होतो, पण त्यांनी माझ्या हातातून लाठी घेतली आणि दिवे बंद करायला गेले. लाठी कशी घेतली ते कळलंच नाही. एवढ्या सफाईने काढून घेण्याचं टेक्निक अजून आम्हाला शिकवलेलं नाही. विचारून ठेवलं पाहिजे.

२ एप्रिल
आज घरी जे झालं ते अपघाताने झालं. आधी हे लिहून ठेवतो.

कपाटाला जुनी गादी उभी बांधली. छातीच्या उंचीवर खडूने गोल काढला, वर डोक्याचा गोल. ब्याण्णव किलोचा अंदाज यावा म्हणून दोन उशा पोटावर. डोळ्यासमोर भावोजींना आणलं. खरंच आले. बनियनवर, कानात काडी घालत. मी ओरडलो आणि अंगातला सगळा जोर लावून हाणली.

गादीत स्प्रिंग होती हे विसरलो.

लाठी उलटी आली. बायको माझ्या मागून धुतलेल्या कपड्यांची बादली घेऊन चालली होती. लाठीचं टोक तिच्या खालच्या ओठावर बसलं. ती बादलीसकट खाली. कपड्यांवर रक्त. तिने दोन्ही हातांनी तोंड धरलं होतं आणि बोटांमधून माझ्याकडे बघत होती. मी किती वेळा सॉरी म्हणालो ते मोजलं नाही.

तिने तोंड धुतलं. आरशात बघितलं. मग शांतपणे म्हणाली, या घराण्यात एक आहे तेवढा पुरे. दुसरा नको.

मी म्हणालो, अगं अपघात होता. ती म्हणाली, तेही असंच म्हणतात.

तुलना बरोबर नाही. त्यांचा अपघात आणि माझा अपघात यात फरक आहे. तो मी उद्या नीट लिहून काढतो.

५ एप्रिल
बायको अजून बोलत नाही. फरक लिहायचा राहिला.

१७ एप्रिल
लिहिताना पेन्सिलीचं टोक दोनदा मोडलं. रागाने.

आज दुकानात भावोजी आले. ऑफिसात त्यांना वर्षातल्या उत्तम कर्मचाऱ्याचं सर्टिफिकेट मिळालंय, ते फ्रेम करून पाहिजे. आज, आत्ता, समोर. मालक जेवायला गेलेले. दुकानात मी, भावोजी आणि पाच फुटांची पट्टी.

ते पाठ करून उभे राहिले, भिंतीवरच्या निसर्गचित्रांकडे बघत. दोन मिनिटं तरी. एवढी मोकळी पाठ मला क्लासमध्ये कोणी दिलेली नाही. मी मनातल्या मनात तीन जागा पक्क्या केल्या: गुडघ्याची मागची बाजू, कानाखाली, मानेचा मणका. पट्टी उचलली. वजन पेललं. श्वास सोडला. आणि पट्टी कापली. पंचेचाळीस अंशाचा एवढा स्वच्छ काप माझ्या हातून या वर्षात निघालेला नाही.

मारलं नाही त्याची कारणं. एक, पाठीमागून वार करणं या विद्येत बसत नाही. दोन, आज सदुसष्टावा की सहासष्टावा दिवस याचा गोंधळ होता. तीन, त्यांनी वळून विचारलं, काय रे, कोणती काच लावतोस?

मी म्हणालो, चमक न मारणारी लावतो, भावोजी. चांगली दिसेल.

जाताना त्यांनी पाठीवर थाप मारली. नेमकी सिस्टरनी परवा काळीनिळी केलेल्या जागेवर. डोळ्यांत पाणी आलं. ते म्हणाले, वाळलास रे, तब्येतीकडे बघ. ताईला कसं आहे विचारायचं मनात होतं. ते म्हणाले, तुझी ताई मजेत आहे. मी विचारायच्या आधीच म्हणाले.

उजव्या मुठीवर एक सालपट निघालं होतं त्यांच्या. ताजं.

२९ एप्रिल, सकाळी ११
आईचा फोन. ताई हॉस्पिटलात. दोन बरगड्या.

या वेळी ओट्याच्या कोपऱ्यावर पडली म्हणे.

आईने एवढंच सांगितलं आणि फोन ठेवला नाही. मीही ठेवला नाही.  शेवटी म्हणाली, तुझे बाबा असते तर. वाक्य तिने पुरं केलं नाही. मी म्हणालो, आई, बारा दिवस थांब. ती म्हणाली, बारा दिवसांनी काय आहे?

तेच सरप्राइज आहे, असं म्हणणार होतो. बरं दिसलं नसतं.

३० एप्रिल
बायको हॉस्पिटलात जाऊन आली. मी गेलो नाही. पेशंटजवळ एकालाच सोडतात असं ऐकलं होतं. बायको म्हणाली, शेजारच्या खाटेवर सहा माणसं बसली होती.

ताईने माझ्याबद्दल विचारलं. दुकानात गर्दी आहे असं बायकोने सांगितलं. ती आता माझ्यासाठी खोटं बोलायला लागली, म्हणजे राग गेला. हे चांगलं झालं.

क्लासमध्ये लंबूबरोबर लढत. माझी मान सटकली. दोन दिवस फक्त डावीकडे बघता येईल.

२ मे
ताईला हॉस्पिटलातून घरी सोडलं. न्यायला भावोजीच आले. आई म्हणत होती, माझ्याकडे चल. ताई म्हणाली, ते तिथे येऊन तुझं दार तोडतील. आईने आग्रह केला नाही. दार जुनं आहे.

तारीख अलीकडे आणावी का? नको. शेवटच्या आठवड्यात वस्ताद डोक्यावरचा वार घेतात. ऐन वेळी तोच कच्चा राहायचा.

७ मे, सकाळी
डाव्या हाताने लिहितोय. उजव्याला प्लास्टर. अक्षर लागलं नाही तर नंतर बघू.

काल दुपारी दुकानात होतो. ताईचा फोन. नेहमी ती आधी माझं जेवण झालं का विचारते. काल म्हणाली, येशील का?

एवढंच. घसरले नाही, पडले नाही, काही नाही. येशील का?

मी म्हणालो, ताई, अजून पाच दिवस. ती म्हणाली, कसले पाच दिवस? मागून भावोजींचा आवाज, काहीतरी आपटल्याचा आवाज. फोन बंद.

मी फोन हातात धरून उभा. मालकांनी मशीन बंद केलं. संध्याकाळच्या क्लाससाठी कोपऱ्यात ठेवलेली माझी लाठी आणली, माझ्या हातात दिली, दुकानाचं दार उघडून धरलं.  म्हणजे त्यांना पहिल्यापासून माहीत होतं.

चौदा मिनिटांचा रस्ता. मी नऊ मिनिटांत गेलो. सहा फुटांची लाठी घेऊन रस्त्यात पळता येत नाही, लोकांच्या अंगाला लागते. एका बाईंनी विचारलं, जाळी-जळमटं काढता का? मी नाही म्हणालो.

तिसरा मजला. बेल वाजवली. भावोजींनी दार उघडलं. बनियनवर. माझं वाक्य तयार होतं, तीन महिने घोटलेलं. तोंडातून आलं ते, भावोजी, आत येऊ का?

त्यांनी लाठीकडे बघितलं. हे काय घेऊन आलास?

मी पवित्रा घेतला. पाय बरोबर पडले, ते वस्तादांनाही मान्य करावं लागेल. डोक्यावरून फिरवणी घेतली. पॅसेज तीन फुटांचा आणि लाठी सहाची. अर्ध्या फेऱ्यात एक टोक भिंतीत, दुसरं दाराच्या चौकटीत. अडकली. मी ओढत होतो तेव्हा पहिला ठोसा बसला.

ठोसा कानावर. आवाज गेला. पुढचा काही वेळ सगळं मुक्यानेच झालं. दुसरा पोटात. मी वाकलो तर गुडघा तोंडावर. दात जिभेवर आला, मी तो गिळला. खाली पडल्यावर त्यांनी माझ्या उजव्या हातावर पाय दिला आणि वजन टाकलं. ब्याण्णव किलो म्हणजे किती ते तेव्हा कळलं. मनगटातलं काहीतरी ओल्या काडीसारखं मोडलं. मग त्यांनी अडकलेली लाठी ओढून काढली. त्यांना एका झटक्यात निघाली.

लाठी वर गेली. डोक्यावरचा वार. आमचा तो शिकायचा राहिला होता.

मला लागली नाही. मधे ताई आली होती.

बरगड्यांना पट्टा बांधलेला, केस सुटलेले. माझ्या अंगावर पालथी पडली. लाठी तिच्या खांद्यावर बसली. माझ्या गालाला तिचा गाल होता, त्यामुळे तो आवाज मला आतून ऐकू आला. ती ओरडली नाही. तिला सवय आहे.

भावोजी थांबले. दम लागला असावा. समोरच्या फ्लॅटचं दार उघडलं होतं, त्यातले आजोबा हातात वर्तमानपत्र घेऊन बघत होते.

ताई उठली, तोवर मला पुन्हा ऐकू यायला लागलं होतं. मग तिने मला उठवलं. माझा डावा हात तिच्या गळ्यात, तिचा बरा खांदा माझ्या काखेत. भावोजी म्हणाले, पायरी उतरलीस तर परत यायचं नाही. ती त्यांच्याकडे वळून म्हणाली, माझ्या भावावर हात टाकलात तुम्ही.

सोळा वर्षांत स्वतःच्या दातावर, मनगटावर, बरगडीवर जे तिच्या तोंडून निघालं नाही ते माझ्यावरून निघालं.

तीन मजले तिने मला उतरवलं. प्रत्येक वळणावर आम्ही थांबायचो, ती बरगडी धरायची, मी भिंत. खाली येईपर्यंत तिच्या पायात काही नाही हे मला दिसलं नव्हतं.

ताई आता आमच्याकडे आहे. आतल्या खोलीत झोपलीय. सिस्टर येऊन दोघांना बघून गेल्या. मला म्हणाल्या, हातावर ताण देऊ नका. 

एकंदरीत बघता उद्दिष्ट साध्य. तेही ठरल्या तारखेच्या पाच दिवस आधी. मी गेलो म्हणून ती बाहेर आली. पद्धत थोडी बदलली, पण लढाईत ऐन वेळी पद्धत बदलतेच.

८ मे, संध्याकाळी ६
पोलीस ठाण्यात गेलो होतो. ताई, बायको, मी. सिस्टरनी आधी फोन करून ठेवला होता. टेबलामागे एक बाई होत्या, पन्नाशीच्या, चष्मा साखळीला अडकवलेला.

ताई बोलली. मला वाटलं होतं रडेल, मला सांगावं लागेल. ती दीड तास बोलली. पाणीसुद्धा मागितलं नाही. काही गोष्टी मला माहीत नव्हत्या. लग्नाच्या तिसऱ्या वर्षाची एक होती. बायकोने माझा प्लास्टर नसलेला हात धरला, मग सोडला.

बाई प्रत्येक गोष्टीला तारीख विचारत होत्या. ताईला तारखा आठवत नव्हत्या. दात कधी तुटला? थंडी होती, एवढंच म्हणाली. बाई म्हणाल्या, तारीख असली तर बरं होतं.

मी म्हणालो, दहा फेब्रुवारीच्या आधी एक-दोन दिवस. मनगट मार्चच्या दोन-तीन तारखेला. बरगड्या एकोणतीस एप्रिल, किंवा आदल्या दिवशी.

बाईंचं पेन थांबलं. चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. म्हणाल्या, तुम्हाला हे तेव्हापासून माहीत होतं?

तोंड उघडलं. दात पडल्याच्या जागी हवा लागली. तीन महिन्यांची सगळी कारणं मला पाठ आहेत, वजन, पायांचं काम, शेवटचा आठवडा. एकही ओठावर आलं नाही. बायको माझ्याकडे बघत नव्हती.

ताई म्हणाली, नाही हो. मी त्याला पडले म्हणूनच सांगत होते. साधा आहे तो. त्याला काय कळणार?

बाईंनी थोडा वेळ वाट बघितली. मी काही म्हणेन म्हणून असेल. मग लिहिलं. लिहिताना मोठ्याने वाचायची त्यांना सवय आहे: भावास यातील काहीही कल्पना नव्हती.

कागद माझ्याकडे सरकवला. उजवा हात प्लास्टरमध्ये, म्हणून डाव्याने सही करा म्हणाल्या. ताईने कागद हलू नये म्हणून दोन बोटांनी धरून ठेवला.

केली.